डावी ओळ

माहीम, ता. पालघर
२ डिसेंबर २०२३

मेघाली,

घरचं अक्षर दिसलं की तू पाकीट न फोडता बाजूला ठेवशील, हे गृहीत धरूनच पाठीमागे माझं नाव ठळक लिहिलंय. हे पत्र तुझ्या आईचं नाही, मंगलाआत्याचं आहे. तू आमचे सगळ्यांचे फोन बंद करून टाकलेस, पण जर्मनीत लाइपझिगमधलं नवं घर घेतल्यावर पत्ता ज्या मैत्रिणीला कळवलास, ती बोईसरला राहते. बोईसरच्या पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या बाईला एवढा पत्ता काढणं जड नव्हतं.

कामाचं आधी सांगते. वहिनीच्या डोक्यात गाठ आहे. परवा बोईसरला एमआरआय काढला. उजव्या बाजूला, कानाच्या वर आणि जरा मागे. लिंबाएवढी, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या आठवड्यात मुंबईला ऑपरेशन आहे. वहिनीने मला बजावलंय, "मेघाला कळवायचं नाय. तिकडं तिची कामं असतात." मी हो म्हटलं आणि आज ती झोपल्यावर लिहायला बसले.

दादाच्या आजारात ह्याच वाक्याने काय केलं ते तुला मी सांगायला नको. तुझा प्रबंध पुरा व्हायचा होता म्हणून तिने कळवू दिलं नाही. मीही तेव्हा बोईसरच्या क्वार्टरमध्ये होते, मलाही साधी कावीळ म्हणूनच सांगितलं होतं. तू पोचलीस तेव्हा दादाची खाटसुद्धा धुऊन उन्हात उभी केलेली होती. तेरावं व्हायच्या आत तू परत गेलीस. त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही. मात्र ह्या वेळी तुला कळलं नव्हतं असं होणार नाही, तेवढं माझ्या हातात आहे.

गाठ कशी सापडली ते ऐक, कारण ते फक्त तुझ्या आईच्याच बाबतीत होऊ शकतं.

वाडीत विड्याची पानं खुडताना ती कशी चालते, तुला आठवतं. दोन ओळींच्या मधल्या वाटेने, दोन्ही अंगठ्यांना पत्र्याच्या नख्या, डाव्या हाताने डावीकडचा वेल, उजव्या हाताने उजवीकडचा. खुडायला येणाऱ्या बाया एका हाताने खुडतात, ती दोन्हींनी. दिवाळीच्या सुमारास खुडायला येणाऱ्या सोमीच्या लक्षात आलं की तुझी आई खुडून गेली की एक ओळ साफ असते आणि पुढची तशीच भरलेली. मग परत साफ, परत भरलेली. सगळ्या वाडीत एकाआड एक. सोमी इतकी वर्षं आपल्याकडे येते, पण तिने काही विचारलं नाही. नंतर मी तिला रागावले तेव्हा म्हणाली, "जयवंतीबायला कोन इचारील? ती करते तर काय तरी असलं."

शेजारचा हर्षित त्याच्याही पुढे गेला. त्याने कुंपणावरून पाहिलं आणि गावभर सांगितलं, काकीने ओळींना विश्रांती द्यायची पद्धत काढलीय, पान जाड येतं. पुढच्या खुडणीला त्याच्याही वाडीत एकाआड एक ओळ भरलेली. त्याचं पाहून आणखी दोघांनी तेच केलं. तुझी आई वाडीत जे करते ते चुकीचं असेल, असा विचार ह्या गावात कुणाच्या डोक्यातच येत नाही, बघ.

खरं काय होत होतं ते डॉक्टरांनी मग समजावलं. जाताना ती उजवीकडचीच ओळ खुडायची. वळून शेजारच्या वाटेने परत येतानाही उजवीकडचीच. मधली ओळ दोन्ही वेळा तिच्या डाव्या हाताला यायची आणि डावी बाजू तिच्या लेखी नव्हतीच. डोळे चांगले आहेत. डोळे पाहतात, पण मेंदू ती बाजू मोजत नाही.

माझ्या लक्षात आलं ते ताटावरून. मुरब्याहून ताजे बोंबील आले होते, मी तळले, वाढले. निम्मं जेवण झाल्यावर म्हणते कशी, "मंगल, बोंबील काय मांजराला घातलेस?" ताटात उजवीकडचा भात साफ, अगदी पट्टीने रेघ मारावी तसा. डावीकडे चारही बोंबील जसेच्या तसे. मला काय सुचलं कोण जाणे, मी ताट फिरवलं.

"आता आणलेस होय," ती म्हणाली आणि खायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी तिला पालघरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागद-पेन देऊन काहीही एक चित्र काढायला सांगितलं. तिने विड्याचं पान काढलं. शिरा, टोक, देठ, सगळं जिवंत. फक्त उजवं अर्ध. डावीकडे कोरा कागद. पुरं झालं म्हणून तिने पेनाला टोपण लावलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "घ्या. बाजारातलं नाय, आमच्या वाडीतलं हाय."

डॉक्टरांनी कागद ठेवून घेतला आणि एमआरआयची चिठ्ठी लिहिली.

तुला काय करायचं ते तू ठरव. मी फक्त कळवलं.

मंगलाआत्या

मुंबई
२८ डिसेंबर २०२३

मेघाली,

ऑपरेशन होऊन आम्ही आज हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत आलो. तुझं उत्तर आलेलं नाही. टपालाला वेळ लागतो हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून त्यावर काही बोलत नाही.

गाठीचा रिपोर्ट काल आला. नाव ग्लायोब्लास्टोमा. तू औषधांच्या प्रयोगशाळेत काम करतेस, तेव्हा ह्या नावाचा अर्थ तुला मी सांगावा असं नाही. चौथ्या पायरीची, झपाट्याने वाढणारी. गोळ्यांचा गुण ज्यावर ठरतो अशी एक खूण गाठीत शोधतात. ती हिच्या गाठीत नाही. म्हणजे गोळ्या द्यायच्या, पण फार भरवसा नाही.

सर्जनबाई आहेत, चाळिशीच्या आतल्या. त्यांनी मला बाहेर घेऊन सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात आतून आवाज आला, "डोकं माझं फोडलंत आणि सांगता हिला?" बाई हसल्या आणि आत जाऊन खाटेशी स्टूल ओढून बसल्या. उजव्या बाजूला बसल्या, तेही माझ्या लक्षात आलं.

"सगळी निघाली?" वहिनीने विचारलं.

"डोळ्याला दिसली तेवढी सगळी. पण हिचे धागे आजूबाजूला गेलेले असतात, ते दिसत नाहीत."

"म्हणजे परत फुटणार."

"हो. उशिरा फुटावी म्हणून रेडिएशन आणि गोळ्या देणार आहोत."

"किती उशिरा?"

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "तिच्याकडे काय बघता, ती पोस्टात होती." आता ह्याचा काय अर्थ लावायचा तो तू लाव, पण बाईंनी सरळ उत्तर दिलं. साधारण वर्ष, सव्वा वर्ष. त्याहून जास्त झालं तर मला फार आनंद होईल, असंही म्हणाल्या.

वहिनीने विचारलं की नवे वेल लावायचे झाले तर ह्या पावसाळ्यात तिला वाडीत उभं राहता येईल का. बाई म्हणाल्या, येईल असं वाटतं. "मग लावू या," ती म्हणाली आणि जेवण कधी येतं ते विचारलं.

मी जन्मभर तिची नणंद आहे. तिचा हेका, तिची जीभ, सगळं सोसलंय. काल स्टुलाच्या मागे उभी राहून मला वाटलं, ह्या बाईच्या घरात राहायला मिळालं हे बरंच झालं.

मंगलाआत्या

माहीम
१७ मार्च २०२४

मेघाली,

धर्मशाळेत तुझं पत्र मिळालं. दोन ओळींचं. "आत्या, रिपोर्टच्या प्रती पाठव. आईला सांगू नकोस." आई म्हणते मेघाला कळवू नको, लेक म्हणते आईला सांगू नकोस. नोकरीत असताना असलं टपाल हाती आलं असतं तर मी 'पत्ता अपुरा' असा शेरा मारून परत पाठवलं असतं. तुम्ही दोघी एकमेकींवर किती गेलात, ते तुम्हा दोघींनाच दिसत नाही.

पण तुझा बेत तूच उधळलास. माझी वाट न पाहता तू सर्जनबाईंना ईमेल केलीस आणि बाई नियमाच्या पक्क्या. पेशंटच्या परवानगीशिवाय कागद देणार नाहीत. रेडिएशनच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी वहिनीलाच विचारलं, "मेघाली म्हणून कोणी लाइपझिगहून लिहितायत. तुमच्या कोण?"

वहिनीने पदर सारखा केला. मग म्हणाली, "मुलगी."

"रिपोर्ट देऊ त्यांना?"

"सगळे द्या. फोटो पण द्या." मग माझ्याकडे वळून, "पोस्टवाली घरात ठेवली की असंच होतं."

रात्री धर्मशाळेत जेवताना म्हणाली, "अक्षर कसं हाय तिचं?" मी तुझं पत्र दिलं. तिने दोन ओळी बराच वेळ वाचल्या. 'आईला सांगू नकोस' वाचून हसली आणि घडी करून ते स्वतःच्या उशाखाली ठेवलं. घरी आल्यावरही ते उशाखालीच असतं.

रेडिएशनचं सांगते. चेहऱ्यावर गरम प्लास्टिकची जाळी बसवून तोंडाचा साचा घेतात आणि रोज तोच साचा घालून डोकं टेबलाला पक्कं करतात, म्हणजे किरण चुकायचे नाहीत. बाकी पेशंट त्या जाळीला घाबरतात. एक तरुण बाई रोज बाहेर रडायची. वहिनीने तिला सांगितलं, "अगं, पावसाळ्यात इरलं घेतो तसं समज. आत गेलं की आपलं आपण, बाहेर पडायचं ते पडू दे." दुसऱ्या दिवसापासून ती बाई वहिनीच्या आधी आत जायला लागली. उपचार संपल्यावर साचा घरी नेऊ देतात. आपल्या स्वयंपाकघरात आता तुझ्या आईच्या चेहऱ्याखाली सुके बोंबील झाकलेले असतात. मांजर जवळ येत नाही.

केस गेलेत. स्टेरॉइडने चेहरा सुजलाय आणि भूक राक्षसासारखी लागते. डावा हात जड आहे. आता बोईसरला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे नेते. त्यांनी एक युक्ती शिकवली. वाचताना पानाच्या डाव्या काठाला लाल पट्टी चिकटवायची आणि ती दिसेपर्यंत मान वळवायची. दिसल्याशिवाय ओळ सुरू करायची नाही. ताटाच्या डाव्या कडेलाही लाल दोरा. मेंदू ती बाजू आपणहून मोजत नाही, तर मुद्दाम मोजायला लावायची.

वहिनीने घरी आल्यावर माझी जुनी लाल साडी मागितली. मला वाटलं नेसायची असेल. तिने सोमीला ती फाडायला लावली आणि वाडीतल्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी, डाव्या हाताच्या खांबाला, एकेक चिंधी बांधून घेतली. आता ती वाटेच्या तोंडाशी उभी राहते, मान वळवत वळवत चिंधी शोधते, सापडली की हात घालते. दर दोन वेलांवर थांबते, परत शोधते. पूर्वी सकाळभरात जेवढं खुडायची त्याच्या पाव वाटाही होत नाही. पण डावी ओळ खुडते. सोमी तिच्या मागे रिकामी टोपली घेऊन उभी असते आणि घाई करत नाही.

हो, आणि हर्षितने त्याच्या वाडीत लाल चिंध्या बांधल्यात. त्याला खरं सांगायला मी निघालेच होते. वहिनीने अडवलं. "राहू दे. त्याची पानं बरी आलीत म्हणतो. उगाच कशाला त्याचा धीर घालवतेस?"

मंगलाआत्या

माहीम
९ जून २०२४

मेघाली,

तुझं लांब पत्र आलं. तू किती डॉक्टरांना भेटलीस, किती वाचलंस, ते वाचून मला तुझी आईच दिसली, फक्त वाडीऐवजी प्रयोगशाळेत. तिथल्या प्रोफेसरांनी सगळे कागद पाहून दिलेलं मत मी सर्जनबाईंना दाखवलं. 'मुंबईत जे केलं तेच आम्ही इथे केलं असतं' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं.

तुझ्या पत्रातला पुढचा भाग मी वहिनीला वाचून दाखवला. पेशंटच्याच रक्तातल्या पेशी घेऊन त्यांना गाठ ओळखायला शिकवायचं आणि परत टोचायच्या. चाचणी चालू आहे, खात्री कुणी देत नाही, गाठ पुन्हा वाढलेली नसेल तरच घेतात. शेवटी तू लिहिलंयस, "आईला उपचारासाठी इकडे घेऊन यावं, असं मला वाटतं."

मी वाचताना मनात नकाराची तयारी केली होती. जी बाई केळव्याच्या जत्रेला गेली तरी संध्याकाळी वाडीत परत, ती जर्मनीला काय जाणार! हर्षितही बसला होता, तो म्हणाला, "काकी, तिकडे बोंबील नाय मिळत." वहिनी म्हणाली, "पासपोर्टला काय काय लागतं?"

आणि लागली की कामाला. पासपोर्टसाठी पालघरला फोटो काढायला नेलं तर फोटोवाल्याला म्हणते, "डोक्यावरून पदर घेऊ का? टक्कल बघून विमानात नाय घेतलं तर?" फोटो हातात आल्यावर म्हणाली, "ह्यात मी चांगली खात्यापित्या घरची दिसते." बोटांचे ठसे देताना डावा हात मशीनवर नीट ठेवता येईना, तर तिने उजव्या हाताने तो उचलून ठेवला, एखाद्या पाहुण्याला पाटावर बसवावं तसा.

परत येताना रिक्षात मी विचारलं, "वहिनी, तुला खरंच वाटतं तिकडच्या औषधाने गुण येईल?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी मी अजून पोस्टात शिकाऊ आहे.

"औषधाला कोण जातंय? पोरीने बोलावलंय."

तुझं पत्र मी दोनदा वाचलं होतं आणि त्यात मला उपचार दिसला होता. तिला काय दिसलं ते रिक्षात कळलं.

नवे वेल लावून झाले. ती स्टुलावर बसून सांगत होती, सोमी लावत होती. पासपोर्ट महिन्याभरात येईल. लोकरीची शाल उन्हात घातली आहे.

मंगलाआत्या

माहीम
१९ ऑगस्ट २०२४

मेघाली,

हे पत्र लिहायला मला वेळ लागला. पण त्यातला निम्मा भाग तुझ्या आईने सांगून लिहवून घेतलाय, तेव्हा नीट वाच.

जुलैच्या एमआरआयमध्ये गाठ परत दिसली, ह्या वेळी मधली रेघ ओलांडून डाव्या बाजूलाही. ते रिपोर्ट तुला गेले आणि तुझं पत्र आलं. प्रोफेसर म्हणतात आता चाचणीत घेता येणार नाही, एवढा प्रवास करून फायदा नाही, उलट त्रास होईल. खाली तू लिहिलं होतंस, "आईला कसं सांगायचं ते तू ठरव."

मी ठरवलं ते असं, की सांगितलंच नाही. व्हिसाला उशीर लागतोय, एवढंच म्हटलं. तिला दोन वेळा फिट आली होती, ती दमली होती, मला तोंड उघडवेना. पत्र डाळीच्या डब्यामागे ठेवलं.

चार दिवसांनी ती खाटेवर बसली होती, मी पाय चेपत होते.

"नाय म्हणाले ना?"

"कोण?"

"जर्मनीवाले."

"वहिनी, व्हिसा..."

"शाल तू पेटीत परत टाकलीस. मी बघितलं. पेटी माझ्या उजवीकडं असते."

मी पाय चेपत राहिले. मग ती बोलायला लागली. ते जसं बोलली तसं लिहिते.

"मंगल, माझ्यासारखं करू नको. मी ह्यांना पण असंच सांगायची. मेघाला कळवलं, ती निघाली. रोज विचारायचे, आली का. रोज सांगायची, विमान नाय मिळालं, उद्याचं मिळेल. ते दाराकडे तोंड करून झोपायचे. मला वाटलं, पोरीचा अभ्यास पण होईल आणि ह्यांना आस पण राहील. दोघांचं भलं करायला गेली. तो माणूस दाराकडे बघत गेला, मंगल. हे मेघाला ठाऊक नाय. तिला वाटतं मी फक्त तिच्यापासून लपवलं."

दादाबद्दलचं हे मला आजवर माहीत नव्हतं. मी विचारलं, "हे लिहू का तिला?"

"लिही. तिला राग येईल. येऊ दे. पण खऱ्यावर येऊ दे."

मग तिने पाणी मागितलं, प्यायली, आणि म्हणाली, "आणि एक विचार. औषध नाय तर नाय. पण औषध नसलं तरी बोलावणं हाय का? की ते औषधाबरोबर गेलं? नसलं तर तसं कळव म्हणावं. मी व्हिसा व्हिसा करत बसणार नाय."

हा तिचा प्रश्न. मी त्यात काही घातलेलं नाही, काढलेलं नाही.

सर्जनबाई म्हणतात प्रवास आता तिला झेपणार नाही. हे मी तिला सांगितलंय. म्हणजे प्रश्नाचं उत्तर काय असू शकतं, ते तिला कळलेलं आहे. तरी विचारायचा तो तिने विचारलाच. माझं एवढं धाडस झालं नसतं.

ह्या वेळी मी पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे, आणि पाकिटात तुझ्या बोईसरच्या मैत्रिणीचा नवा फोन नंबर आहे. तिच्याकडे निरोप दिलास तरी पोचेल.

मंगलाआत्या

माहीम
११ सप्टेंबर २०२४

मेघाली,

हे पत्र तू निघायच्या आधी पोचणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून ते तुझ्या मैत्रिणीकडे देते आहे. ती तुला विमानतळावर घ्यायला येईल तेव्हा गाडीत वाच. घरी येईपर्यंत तुला हे माहीत असायला हवं.

तुझा निरोप आला तेव्हा वहिनी खाटेवर पडूनच होती. मैत्रिणीने फोनवर वाचून दाखवला, मी स्पीकर लावला. "बोलावणं होतंच. आता मीच येतेय. आईला सांग, विमान मिळालंय." शेवटचं वाक्य ऐकल्यावर वहिनीने डोळे मिटले. मग म्हणाली, "सोमीला हाक मार."

सोमी आली. वहिनीने तिला सांगितलं, ह्या खुडणीला डावी ओळ ठेवायची. एकाआड एक. सोमी घाबरली, परत दुखणं वाढलं असं तिला वाटलं. "बाय, डावी तर आता खुडतो ना आपण?"

"खुडतो. पण ती मेघा खुडेल. तिचा हात बसलाय का सुटलाय, बघायचं हाय मला."

तेव्हा तुझ्यासाठी अर्धी वाडी भरलेली आहे. नख्या मी रॉकेल लावून साफ करून ठेवल्या आहेत. हर्षितने कुंपणावरून पाहिलं आणि पुन्हा हिशेब मांडायला लागलाय.

तू जे बघशील त्याची तयारी ठेव. चालता येत नाही, खुर्चीतून वाडीत नेतो. डावा हात मांडीवर पडलेला असतो. दिवसातून बराच वेळ झोपते. बोलणं मात्र शाबूत आहे, जीभही. परवा सर्जनबाईंचा चौकशीचा फोन आला तर त्यांना म्हणाली, "नऊ महिने काढले, बाई. तुमच्या आनंदाचं बघतेय मी." ह्या सगळ्या महिन्यांत ती एकदाही 'माझ्याच वाट्याला का' असं म्हणाली नाही. मी म्हटलं, मनातल्या मनात, अनेकदा. तिच्याजवळ बसलं की ते म्हणायची लाज वाटते.

आता शेवटचं, ज्यासाठी हे पत्र लिहिलं.

तिची खाट आपल्या मोठ्या खोलीत आहे. दादाची होती तिथेच. दार तिच्या डाव्या हाताला येतं. त्या बाजूने कुणी आलं तर तिला पत्ता लागत नाही, माणूस एकदम अंगावर आल्यासारखं होतं, दचकते. म्हणून आम्ही सगळे मागच्या दाराने, उजवीकडून जातो. काल मी आणि हर्षितने खाट फिरवायला घेतली, म्हणजे तू आत आलीस की तिला लगेच दिसशील. हर्षितने पायाकडचं टोक उचललंसुद्धा.

"ठेव खाली," ती म्हणाली.

"काकी, मेघाताई दारातून येईल ती दिसायला नको?"

"खाट हाय तिथं राहू दे. हे ह्याच दाराकडे बघत होते."

मी म्हटलं, "बरं, मग मी तिला मागच्या दाराने आणते."

"पाहुणी हाय काय ती, मागल्या दाराने यायला? पुढल्या दाराने येऊ दे."

मग तिने सोमीकडून उरलेली लाल चिंधी मागवून घेतली आणि दाराच्या चौकटीला बांधायला लावली. कालपासून तेच चाललंय. झोपेतून उठली की उशीवर मान हळूहळू डावीकडे वळवते. कधी अर्ध्यात थकते, डोळे मिटून पडून राहते, परत सुरू करते. चिंधी सापडली की आम्हाला सांगते, "हाय."

तेव्हा पुढच्या दाराने ये. चप्पल बाहेर काढ आणि चौकटीत उभी राहा. हाक मारू नकोस, जवळ जाऊ नकोस, कितीही वेळ लागला तरी. तिने मला मुद्दाम लिहायला सांगितलंय.

"तिला म्हणावं, थांब. मी वळून बघते."

मंगलाआत्या